कागदावरचा नर

शुक्रवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास मैथिली दळवी अजमानमधल्या त्या प्राण्यांच्या दुकानात शिरली, तेव्हा तिला फक्त एक डबा हवा होता. घट्ट झाकणाचा, हवेसाठी भोकं पाडलेला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी नऊ वाजता, दुबईतल्या जनावरांच्या दवाखान्यात हापूसचं पोट उघडायचं ठरलं होतं आणि त्याला तिथवर न्यायला घरात धड काही नव्हतं.

हापूस म्हणजे साप. चार फुटांचा, बिनविषारी, नारिंगी अंगावर गडद तांबडे चट्टे असलेला. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, शारजाच्या बाजारात आंब्याच्या पेट्या लागल्या होत्या त्याच आठवड्यात, देश सोडून निघालेल्या एका कुटुंबाने तो मैथिलीच्या मुलीला, मिहिकाला, देऊन टाकला होता. तेव्हा मिहिका अकरा वर्षांची होती. सापाबरोबर काचेची पेटी आली, उष्णतेचा दिवा आला आणि एका प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला कागदही आला. जात: कॉर्न स्नेक. जन्म: अमुक साली. लिंग: नर.

आता तीन आठवडे हापूसने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. पोटाचा मागचा भाग फुगला होता. पेटीच्या काचेला नाक घासत तो दिवसभर अस्वस्थपणे फिरत राही. बुधवारी दवाखान्यात त्याचा एक्स-रे काढला, त्यात एक पुसट सावली दिसली. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, गाठ असेल किंवा आतड्यात काही अडकलं असेल, उघडल्याशिवाय कळायचं नाही, आणि एवढ्याशा जिवाला भूल देणं म्हणजे निम्मी आशा निम्मी भीती. मग फॉर्म भरता भरता त्याने विचारलं होतं, "नर आहे ना? हवं तर खात्री करून घेतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"त्याची गरज नाही," मैथिली चटकन म्हणाली होती. "कागदावर आहे."

त्या दिवसापासून मिहिका घरात धड बोलत नव्हती. आत्ताही ती दुकानाच्या दारातच, रंगीत माशांच्या टाकीला पाठ लावून उभी होती.

"डॉक्टरबाई! आज उंदीर किती देऊ?" आतून बाबाजीचा आवाज आला. बाबाजी दोडामार्गकडचा. नऊ वर्षांपूर्वी इथे आला तो पक्ष्यांचे पिंजरे धुवायला, आणि हळूहळू दुकानातल्या सापा-सरड्यांचा सगळा कप्पा त्याच्या हाती आला. हापूससाठी गोठवलेले उंदीर न्यायला आलेली मैथिली एकदा मिहिकाला मराठीत रागावत होती, तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं होतं. ओळख झाली ती तिथून.

"उंदीर नकोत, बाबाजी. डबा हवाय. उद्या ऑपरेशन आहे."

बाबाजीच्या हातातली पाण्याची नळी वाहतच राहिली. "कोणाचं? हापूसचं? काय झालं त्याला?"

मैथिलीने सांगितलं. मिहिकाने न बोलता स्वतःचा फोन पुढे केला. त्यात हापूसची कालच काढलेली चित्रफीत होती. बाबाजीने नळी बंद केली, हात पँटला पुसले आणि फोन डोळ्यांजवळ धरला. एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं. तिसऱ्या वेळी त्याने मध्येच बोट ठेवून चित्र थांबवलं. इतरांशी तो हिंदीत आणि मैथिलीशी जपून शहरी मराठीत बोलत असे, पण आता त्याच्या तोंडून थेट गावच बोलू लागलं.

"हो फुगवटो एका जाग्यार नाय, डॉक्टरबाई. बघा. हय, हय, आणि हय. कात कधी टाकली?"

"नाइन डेज अगो," मिहिका म्हणाली. तीन दिवसांत तिचं हे पहिलं सरळ वाक्य होतं.

"आणि हा नर आहे असं कोणी बघितलं?"

"कागदावर आहे," मैथिली म्हणाली.

"कागद कोणी बघितला ते नाही विचारत मी. साप कोणी बघितला?"

बुधवारचा तो प्रश्न, आणि त्यावरचं स्वतःचं उत्तर, मैथिलीला आत्ता जसंच्या तसं ऐकू आलं. त्याची गरज नाही. हे वाक्य तिने विचार करून बोललेलंच नव्हतं. ते अठरा वर्षांपूर्वीच तिच्या जिभेवर कोरलं गेलं होतं.

मैथिली सोनोग्राफीची डॉक्टर. शारजाला येण्यापूर्वी पुण्यात तिने चौदा वर्षं गरोदर बायकांची पोटं तपासली होती. डोक्यावर भिंतीला पाटी असे, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही'. प्रत्येक तपासणीमागे एक सरकारी फॉर्म, फॉर्मखाली तिची सही. तरीही दाराशी एखादी सासू रेंगाळून हळूच विचारी, "डॉक्टर, पेढे सांगायचे की बर्फी?" मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. "ते कळायची गरज नाही, आजी," असं म्हणून ती पडदा ओढून घेई. पडद्यावर जे दिसे ते तिच्या डोळ्यांपर्यंत येई आणि तिथेच थांबे. इथे शारजात तसा कायदा नव्हता. इथल्या बाया तपासणीच्या टेबलावर आडव्या होता होताच आनंदाने विचारत. पण चार वर्षं झाली तरी मैथिलीच्या तोंडून ते निघत नसे. ती बाजूला सरके आणि हाताखालच्या रुकय्याला खूण करी. रुकय्या हसून सांगून टाकी.

आणि ती सवय तिने परवा एका सापाच्या बाबतीत वापरली होती! डॉक्टर दोन मिनिटं मागत होता. तिने ती दिली नव्हती.

"बाबाजी," ती म्हणाली, "मादी असेल तर?"

"मादी असेल तर पोटात गाठ नाही, अंडी आहेत. अंडी घालायच्या आधी ही कात टाकते आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांत घालते. म्हणजे आज. नाहीतर उद्या."

"बट हापूस लिव्ह्ज अलोन!" मिहिका पुढे आली. "देअर वॉज नेव्हर अनदर स्नेक!"

"कोंबडी काय कोंबडा असला तरच अंडी घालते काय गो? बाजारात मिळतात ती कुठली? पिल्लं व्हायची नाहीत, पण घालायची तर आहेतच. आणि घालायला ओली, काळोखी जागा मिळाली नाही तर ही अंडी अडवून धरते. पेटीत आहे का अशी जागा?"

पेटीत कागदी भुसा होता. कोरडा ठणठणीत. नर सापाला आणखी काय लागतं?

"म्हणून फिरतेय ती!" मिहिका जवळजवळ ओरडलीच. "ममा, शी इज लुकिंग फॉर अ प्लेस!"

दुकानाचे मालक मुश्ताकभाई जुम्म्याच्या नमाजासाठी गल्ला बंद करत होते. "मुश्ताकभाई, दो घंटा इनके साथ जाता हूँ," बाबाजी म्हणाला. मुश्ताकभाईंनी मिहिकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कारण विचारलंच नाही. "तीन बजे तक वापस. यल्ला, जाओ." बाबाजीने फळीवरून शेवाळाची एक पिशवी ओढली, खणातून कापडात गुंडाळलेलं काहीतरी खिशात टाकलं आणि तिघं गाडीकडे जवळजवळ धावलीच.

शुक्रवारचा रस्ता मोकळा होता. अजमान मागे पडलं, शारजाचे मनोरे उन्हात पांढरे दिसू लागले. वेगाचा काटा पाहत मैथिली स्वतःला आवरत होती, आणि मागच्या सीटवर मिहिका बोटांवर दिवस मोजत होती. मोजून झाले की पुन्हा पहिल्यापासून. आशेला इतक्या लवकर जागा देऊ नये हे मैथिलीला धंद्याने शिकवलं होतं. तरी आशा येऊन बसलीच होती, आणि तीही पुढच्या सीटवर, शेजारी.

अल नहदातल्या अकराव्या मजल्यावरच्या त्या घरात तिचा नवरा निनाद जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. त्याचं दुबईचं ऑफिस शुक्रवारी अर्धा दिवस घरून चाले. तो वातानुकूलन यंत्रांचा अभियंता. दोन वर्षांत त्याने हापूसला एकदाही हात लावला नव्हता. बाबाजीने पेटीचं झाकण उघडलं तसे निनादने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि मीटिंगचा आवाज बंद केला.

"म्हणजे मादी?" सगळं ऐकून तो म्हणाला. "अहो, दोन वर्षं मी समजत होतो की या घरात दोन बायका आणि दोन पुरुष आहेत. मतदान झालं तर बरोबरी तरी होईल!"

"तुमचा पक्ष बुडाला, साहेब," बाबाजी म्हणाला. त्याने हापूसला दोन्ही तळव्यांवर अलगद घेतलं होतं. एरवी मनगटाला वेटोळं घालून बसणारा हापूस त्याच्या हातातही पुढे पुढे सरकत होता, कशाचा तरी शोध घेत.

"वुई कॅन प्रोब, राइट?" मिहिका म्हणाली. "आय सॉ इट ऑनलाइन."

बाबाजीने खिशातलं कापड टेबलावर उलगडलं. आत दाभणासारख्या पण बोथट टोकांच्या पाच बारीक पोलादी सळया होत्या. "शेपटीच्या सुरुवातीला, खालच्या द्वारातून मागच्या बाजूला ही हलकेच सरकवायची. नर असला तर आत दोन पिशव्या असतात, सळई खोल जाते. मादी असली तर लगेच अडते. मी शंभर वेळा केलंय." मग त्याने कापड पुन्हा गुंडाळलं. "पण हिच्या पोटात अंडी असतील तर हे करायचं नाही. आत कुठे लागलं तर उद्या खरंच ऑपरेशन. खलास. कात ठेवलीय का, बाय?"

मिहिका आत पळाली. परत आली ती चित्रकलेची काळी फाइल घेऊन. आत हापूसच्या सगळ्या काती सपाट करून ठेवल्या होत्या, प्रत्येकीखाली तारीख. बाबाजी थक्क होऊन पाहत राहिला. "रे म्हाराजा! आमच्या दुकानात एवढा हिशोब नाय." त्याने शेवटची कात घेतली, पांढऱ्या ताटात पाण्याचे थेंब शिंपडून शेपटीकडचा भाग पसरला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"हे द्वार. नर असता तर याच्याखाली शेपूट थोडी जाडच राहिली असती, आणि मग सावकाश बारीक झाली असती. कधीकधी आतल्या पिशव्यांची दोन बोटंसुद्धा कातीवर उमटतात. हिची बघा. द्वार संपलं की लगेच निमुळती. आखूड." त्याने नखाने खालचे खवले मोजले, मागे जाऊन पुन्हा मोजले. "मादी. माझं म्हणणं मादी."

"तुमचं म्हणणं किती वेळा चुकतं?" मैथिलीने विचारलं. तिने फार हळू विचारलं, आणि बाबाजीने न रागावता खरं उत्तर दिलं.

"कातीवरून? दहात एकदा."

दहात एकदा चूक, म्हणजे ही खात्री पुरेशी नव्हती. खरंच गाठ असेल आणि आपण ऑपरेशन रद्द केलं तर हापूस त्या चुकीने जाईल; अंडी असतील आणि पोट उघडलं तर या चुकीने. मिहिका आईकडे पाहत होती. त्या नजरेत मागणं नव्हतं. पण मैथिली उठली.

तिच्या कपाटात वरच्या खणात तळहाताएवढा एक सोनोग्राफीचा प्रोब होता, टॅबला जोडून चालणारा. नव्या मुलींना शिकवण्यासाठी तिने तो स्वतःच्या पैशांनी घेतला होता. पुण्यात असं यंत्र परवान्याशिवाय घरात ठेवणं हाच गुन्हा ठरला असता. म्हणूनच की काय, इथेही ती तो बाहेर काढताना दार लावून घेई. आज तिने दार उघडंच ठेवलं. जेलची बाटली कोमट पाण्यात धरली. टेबलावरचा लॅपटॉप निनादने स्वतःच उचलून मांडीवर घेतला, तिथे तिने टॉवेल पसरला.

"उलटी नका करू," बाबाजी म्हणाला. "मी अशी उचलून धरतो, तुम्ही खालून लावा."

मैथिलीने प्रोब लावला. बायकांच्या पोटावर फिरवताना हाताला जी ओळख असते ती इथे नव्हती. पडद्यावर आधी नुसता करडा गोंधळ उठला. मग फासळ्यांच्या रेघा, एकामागून एक. मग हृदय! केवढंसं, तांदळाच्या दाण्याएवढं, पण ठाम ठोके देणारं. मिहिकाने श्वास आत ओढला. मैथिली मागे सरकत गेली, बोटबोटभर. लांबट यकृत. रिकामं पोट. पुढे अजून थोडं. आणि मग तिचा हात आपोआप थांबला.

एक लांबट गोल. कडेला केसाएवढी उजळ रेघ, सगळीकडून पूर्ण. आतला रंग एकसारखा. त्याला चिकटून दुसरा. मग तिसरा. माळेतल्या मण्यांसारखे. चार. पाच. सहा. तिने मोजणं सोडलं नाही. नऊ. दहा. अकरा. मागे गाठ नव्हती, पाणी नव्हतं, अडकलेलं काही नव्हतं.

आणि तिच्या ध्यानात आलं की आपण टॅब स्वतःकडे वळवून धरला आहे. पडद्याची पाठ सगळ्यांकडे होती. चौदा वर्षं आणि वर चार.

"ममा?" मिहिका पुढे वाकली. "टेल मी. प्लीज."

मैथिलीने टॅब फिरवला, टेबलाच्या मधोमध ठेवला, आणि बोलताना तिचा स्वतःचाच आवाज तिला अनोळखी आणि मोठा वाटला.

"मादी आहे. मिहिका, मादी आहे! ही बघ अंडी. हे एक, हे दुसरं. अकरा दिसतायत मला. गाठ नाहीये!"

मिहिका किंचाळली आणि लगेच तोंडावर हात धरून हापूसला "सॉरी, सॉरी" म्हणू लागली. बाबाजी हापूसला धरूनच नाचल्यासारखा डुलला. निनाद खुर्चीवरून कधी उतरला ते त्यालाही कळलं नाही, तो पडद्यावर वाकून "हे पण अंडं? आणि हे?" असं प्रत्येकावर बोट ठेवून विचारत होता, आणि त्याची कोपरं सापापासून वीतभर अंतरावर होती.

मैथिलीने पडद्यावरची चित्रं जनावरांच्या डॉक्टरांना पाठवली. खाली लिहिलं, 'परवा तुम्ही तपासू का विचारलंत आणि मी नको म्हटलं. चूक माझी.' तिला लपवावंसं वाटलं नाही. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. आवाजात चक्क हसू होतं. ऑपरेशन रद्द. ओलसर, काळोखी जागा करून द्या, हात लावू नका, सोमवारपर्यंत घातली नाहीत तर घेऊन या. "आणि डॉक्टर," ते म्हणाले, "मीही न विचारता तपासायला हवं होतं."

दह्याचा पाच किलोंचा रिकामा डबा निनादने धुऊन दिला. झाकणाला गोल भोक पाडायचं कामही त्यानेच मागून घेतलं. बाबाजीने शेवाळ भिजवून, घट्ट पिळून आत भरलं. "एवढंच ओलं. मुठीत दाबलं तर थेंब गळायला नको." डबा पेटीत ठेवला. हापूसने जीभ लवलवत भोकाचा वास घेतला, डोकं आत घातलं आणि मग सगळी लांबी सावकाश, जराही न थबकता, आत ओढून घेतली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच पेटीत काही हलत नव्हतं.

त्या दिवशी काही झालं नाही. बाबाजीला निनाद तीनच्या आत अजमानला सोडून आला. संध्याकाळ गेली. मिहिका जमिनीवर अंथरूण घालून पेटीशेजारी झोपली.

शनिवारी सकाळी मैथिलीला जाग आली ती दारावरच्या थापांनी. "ममा! ममा, कम! एग्ज!" पावणेनऊ वाजले होते. पंधरा मिनिटांनी त्या दवाखान्यात भुलीची सुई टोचली गेली असती. झाकणाच्या भोकातून मिहिकाने टॉर्च मारला. शेवाळात पांढरी पिवळसर अंडी एकमेकांना चिकटून पडली होती आणि त्यांच्याभोवती हापूस सैल वेटोळं घालून होती, दमलेली, सपाट पोटाची.

"बारा," मिहिका म्हणाली. "यू सेड इलेव्हन, ममा."

"एक लपलं असेल माझ्यापासून."

"विल देअर बी बेबीज?"

"नाही गं. ही रिकामीच आहेत."

मिहिकाने थोडा विचार केला. "दॅट्स ओके," ती म्हणाली. "शी इज ओके."

निनाद मागे येऊन उभा होता, चपला घातलेल्या, हातात घराची किल्ली. "मी खाली मिठाईवाल्याकडे जातोय," तो म्हणाला. "मुलगी आहे म्हणजे बर्फीच ना?"

तो शब्द ऐकून मैथिलीला पुणं आठवलं. दारातली ती सासू, ओढलेला पडदा. मग तिने पेटीकडे पाहिलं, नवऱ्याच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. "पाव किलो बर्फी," ती म्हणाली, "आणि पाव किलो पेढेसुद्धा. या घरात यापुढे दोन्ही एकदम यायचं."

मग तिने बाबाजीला फोन लावला. "बारा घातली," एवढंच ती म्हणाली आणि पलीकडे तो दुकानभर ओरडताना तिला ऐकू आलं, "मुश्ताकभाई! बच्ची ठीक है! बारा अंडे!" मागून मुश्ताकभाईंचा खर्जातला 'माशाल्ला' आला, कुठला तरी पोपट केकाटला आणि बाबाजी पुन्हा फोनवर आला.

"डॉक्टरबाई, आता दमलीय ती. दोन दिवस शांत राहू द्या, मग खायला द्या. उंदीर किती काढून ठेवू?"

"दोन," मैथिली म्हणाली. "मोठे बघून ठेवा. तीन आठवड्यांची उपाशी आहे ती."